पांढऱ्या पाटीचे पुतणे

आमची दुसरी गाडी पार्किंगमध्ये नुसती उभी असते. टपावर कबुतरांचा हक्क, हप्त्यावर माझा. "भाड्यानं द्या की! गोव्यात सगळे देतात," मेव्हणे म्हणाले.

दिली. न्यायला आलेला पोरगा गोड बोलला, "काका, आपलीच समजून चालवतो." शब्दाला जागला. परत आली तेव्हा सीटच्या फटीत समुद्राची वाळू, मागच्या काचेवर कुणाच्या तरी पावलाचा ठसा आणि डॅशबोर्डवरच्या गणपतीसमोर चखण्याचे शेंगदाणे. नैवेद्य म्हणायचा. पेट्रोलचा काटा मात्र दिला होता तिथंच, लाल रेषेवर. इथं आम्ही दोघंही सारखेच प्रामाणिक.

मग कायदा वाचला. (आधी वाचायची आपल्याकडे पद्धत नाही.) स्वतः चालवायला भाड्यानं द्यायच्या गाडीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरं लागतात. १९८९ च्या केंद्राच्या योजनेनुसार असा धंदा करायचा तर किमान ५० गाड्या हव्यात. माझ्याकडे हीच धरून दोन. शिवाय खासगी गाडीच्या विम्यात भाडं बसत नाही. कुठं ठोकली तर विमावाले हात वर करणार.

"घाबरता काय? पोलिसानं अडवलं तर गिऱ्हाइकानं 'काकांची गाडी आहे' म्हणायचं," मेव्हण्यांकडे तोडगा तयार होता.

या उन्हाळ्यात मला ११ पुतणे झाले. परवा त्यातल्या एकाचा नाक्यावरून फोन आला, "काका, तुमचं आडनाव काय हो? साहेब विचारतायत."