पाळणा लांबवा, रांग नको

रविवारची संध्याकाळ, पुण्यातलं एक भलंमोठं सुपरमार्केट. बिलाच्या रांगेत प्रस्तुत लेखकाच्या पुढे अकरा माणसं होती आणि शेजारी मावशी होती. मावशी शहात्तर वर्षांची. ट्रॉलीत पाच किलो कणीक, डिंक, खारीक, भांड्यांचा साबण आणि या सगळ्यावर आडवी ठेवलेली मावशीची काठी. काउंटरच्या अलीकडे जाळीचा एक रॅक. त्यात चॉकलेटं, पुदिन्याच्या गोळ्या, बॅटरीचे सेल आणि बरोबर मावशीच्या हाताच्या उंचीला रंगीबेरंगी चपट्या डब्या. एका डबीवर टपोरी स्ट्रॉबेरी. मावशीनं ती उचलली.

"मावशी, ठेव ती," लेखक दबक्या आवाजात म्हणाला.

"का रे? मला डायबेटिस आहे म्हणून?"

"अगं, गोळ्या नाहीत त्या."

मावशीनं कपाळावरचा चष्मा नाकावर आणला, डबी हातभर लांब धरली, उलटी केली आणि मागचा मजकूर वाचला. शाळेतली मैत्रीण एसटी स्टँडवर अचानक भेटावी तसा तिचा चेहरा उजळला.

"अरे, निरोध!" आणि लगेच पुढचं वाक्य, आणखी एक पट्टी वर, "तीन नगांना एवढे पैसे? आम्ही असताना पंधरा पैशांना तीन मिळायचे!"

रांगेतल्या अकरा जणांना आपापले मोबाईल एकदम फार महत्त्वाचे वाटू लागले.

या 'आम्ही'चा खुलासा केला पाहिजे. मावशी म्हणजे साताऱ्याकडच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रातली नर्सबाई. सत्तरच्या दशकात सायकलवरून वाड्यावस्त्या हिंडून तिनं तांब्या बसवण्यासाठी बायकांना तयार केलं, ऑपरेशनची टार्गेटं पुरी केली आणि निरोधची खोकीच्या खोकी वाटली. केंद्रात तो फुकट मिळायचा, दुकानात १५ पैशांना तीन. पुरुष नर्सबाईशी या विषयावर बोलायचे नाहीत, म्हणून पाकिटं त्यांच्या बायकांकडे द्यायची आणि बायकांनी ती डाळीच्या डब्यात ठेवायची. प्रात्यक्षिकात अंगठ्यावर निरोध चढवून दाखवला आणि गावकऱ्यांनी घरी जाऊन तसंच केलं, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्यात सांगितली जाते. मावशीच्या मते ती तिच्या केंद्रात मुळीच घडली नाही. पोरांनी फुगे फुगवले, ते मात्र खरं. यात्रेच्या दिवशी तर जास्तच.

निरोधची कुळकथा लेखकानं नंतर खणून काढली. १९६० च्या दशकात सरकारनं कंडोमच्या विक्रीची योजना आखली, तेव्हा नाव सुचलं होतं 'कामराज'. कामदेवाच्या नावावरून, अर्थ चोख. पण तेव्हा के. कामराज काँग्रेसचे अध्यक्ष होते. पक्षाध्यक्षांच्या नावाचं पाकीट पानाच्या टपरीवर लटकवण्याची हिंमत कुठल्या खात्यात असणार? मग संस्कृतातून 'निरोध' आला आणि १९६८ साली बाजारात उतरला. सरकारला दुकानांचं जाळं कुठलं, म्हणून वितरणाला घेतल्या सहा मोठ्या कंपन्या: हिंदुस्थान लिव्हर, आयटीसी, लिप्टन, ब्रुक बाँड, युनियन कार्बाइड आणि टाटा ऑइल मिल्स. साबण, सिगारेट, चहा आणि बॅटरीचे सेल ज्या गाड्यांतून गावोगाव जात, त्याच गाड्यांतून निरोधही गेला. किराणा दुकानात साबणाच्या वड्यांशेजारी उघड्यावर बसला. त्यामुळे सुपरमार्केटनं ही वस्तू चारचौघांत आणली अशी ज्यांची तक्रार आहे, त्यांचं गणित पन्नासेक वर्षांनी चुकतं. त्या रॅकवर सेलच्या शेजारी जे होतं, तो सेलचा जुना सहप्रवासी होता.

तरीही तक्रार आलीच. मागच्या गृहस्थांनी घसा साफ केला. "आजी, लहान मुलं आहेत हो इथं."

"हो ना, दिसतायत," मावशी म्हणाली. "म्हणूनच ठेवलंय."

लहान मुलांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही, हे लेखकाला मान्य आहे. पण त्याच वेळी त्या गृहस्थांचा सहा-सात वर्षांचा मुलगा काय करत होता? तो अंड्याच्या आकाराच्या चॉकलेटसाठी जमिनीवर लोळत होता. शेजारच्या डब्यांकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नव्हतं. त्या डब्यांकडे पाहणारे, पाहून न पाहिल्यासारखं करणारे आणि पुन्हा चोरून पाहणारे सगळे चाळिशीच्या पुढचे होते.

आता लेखकाची स्वतःची करुण कहाणी. साल १९९४. नवं लग्न. गल्लीच्या तोंडावरचं औषधाचं दुकान, काचेचं काउंटर आणि काउंटरमागे वडिलांना नावानं ओळखणारे मालक. लेखक दुकानात शिरायचा, इतर गिऱ्हाइकं जायची वाट बघत उभा राहायचा, आणि दुकान रिकामं होतंय म्हणेपर्यंत कोणीतरी वहिनी यायच्या. मग काहीतरी मागायला हवं म्हणून क्रोसिन. दुसऱ्या दिवशी खोकल्याच्या वड्या. तिसऱ्या दिवशी गॉजपट्टी. सहा महिन्यांत घरात एवढी औषधं साठली, की जावयाची प्रकृती तोळामासा आहे अशी सासूबाईंची खात्री पटली. एकदा मात्र त्यानं धीर करून, ओठ न हलवता, मागितलं. मालकांनी मान वर करून माळ्यावरच्या पोऱ्याला हाक दिली, "अरे, ते वरच्या खणातलं काढ रे!" वरून पोऱ्याचा खणखणीत प्रश्न आला, "कुठलं? साधं की भारीतलं?" मालकांनी उत्तरासाठी लेखकाकडे पाहिलं. दुकानात तेव्हा पाच माणसं होती, त्यांनीही पाहिलं. लेखकानं इलेक्ट्रॉलची दोन पाकिटं घेतली आणि तो घरी आला.

या प्रसंगात वस्तू कुठेच दिसत नव्हती. ती झाकलेली होती, वरच्या खणात होती, संस्कृतिरक्षकांना हवी तशी. अब्रू गेली ती मागावं लागलं म्हणून. उघड्या रॅकवरून उचलायला तोंड उघडावं लागत नाही. तेव्हा जगातल्या तमाम लाजाळू, संकोची, घरंदाज माणसांनी उघड्या मांडणीच्या बाजूनं मोर्चा काढायला हवा. अर्थात लाजाळू असल्यामुळे ते काढणार नाहीत.

या लाजेची किंमत कोण मोजतं, याचा आकडा सरकारी कागदांत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली होती. पुरुष नसबंदीवर विसंबलेल्या ०.३ टक्के. आणि कंडोमवर भिस्त असलेल्या ९.५ टक्के. म्हणजे नवऱ्याला दुकानात दोन शब्द बोलवत नाहीत आणि बायको ऑपरेशनच्या टेबलावर जाते. एवढंच एक कारण आहे असं नव्हे. पण मावशीला हे आकडे वाचून दाखवले तेव्हा ती "ह्यॅ, यात नवीन काय" म्हणाली आणि खारीक फोडत राहिली.

महाराष्ट्राला तर या विषयात तोंड लपवायचा हक्कच नाही. १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढणारे र. धों. कर्वे आपलेच. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. या प्रचारापायी त्यांना विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. १९२७ पासून ते 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवत होते. वाचकांच्या लैंगिक शंकांना सरळ भाषेत उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूनं वकील उभे होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कर्वे खटला हरले, त्यांना दंड झाला, त्यांनी तो भरला आणि मासिक पुढे चालू ठेवलं. १९५३ च्या ऑक्टोबरात ते गेले तोवर.

बरं, माल तरी परका आहे का? तोही नाही. छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक पट्ट्यात कंडोमचे कारखाने आहेत आणि तिथला माल परदेशी जातो. १९९१ साली 'कामसूत्र' बाजारात आणलं ते रेमंडच्या घराण्यानं, म्हणजे ज्यांच्या कापडाचा सूट शिवल्याशिवाय मराठी नवरदेव बोहल्यावर चढत नसे, त्यांनीच. लग्नाच्या आधीचीही सोय आणि नंतरचीही. अलिक पदमसींच्या लिंटासनं केलेली, पूजा बेदी आणि मार्क रॉबिन्सन यांची ती जाहिरात ज्यांनी पाहिली ते आता आजोबा झालेत. २०२३ मध्ये रेमंडनं हा ब्रँड इतर मालासकट २,८२५ कोटी रुपयांना गोदरेजला विकला. कपाटवाले गोदरेज! मराठी घरात जी गोष्ट गोदरेजच्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली, दडवली जायची, ती आता त्यांच्याच घरची झाली.

सरकारची भूमिका मात्र मावशीच्या शब्दांत "एक पाय इकडे, एक तिकडे". वस्तू सरकार स्वतः वाटतं, तिच्यावर जीएसटी शून्य आहे, आणि डिसेंबर २०१७ मध्ये माहिती-प्रसारण मंत्रालयानं वाहिन्यांना कळवलं, की तिच्या जाहिराती रात्री १० ते सकाळी ६ दाखवा. म्हणजे माहिती कधी मिळणार, तर ती उशिरा ठरेल तेव्हा.

कंडोमच्या पलीकडचा माल आला, की वातावरण आणखी तंग होतं. २०२१ च्या सुरुवातीला गोव्यात कळंगुटला प्रौढांच्या खेळण्यांचं एक दुकान थाटात उघडलं आणि महिन्याभरात बंद झालं. तक्रारी गेल्या, परवाना नसल्याचं पंचायतीनं दाखवून दिलं, फलक उतरला. कळंगुटची दारूची दुकानं अर्थातच जागच्या जागी आहेत. त्याहून रंगतदार प्रकरण न्हावाशेवा बंदरातलं. परदेशातून 'बॉडी मसाजर' आले. कस्टम्सच्या वरिष्ठांनी ते पाहिले आणि निष्कर्ष काढला, की यांचा वापर दुसऱ्याच कामासाठी होऊ शकतो, सबब हे अश्लील, सबब जप्त. आधार कुठला, तर १९६४ ची अधिसूचना. लवादानं ही जप्ती रद्द केली आणि मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानंही, हा सगळा अधिकाऱ्यांच्या कल्पनाशक्तीचा खेळ आहे अशा अर्थाचं सुनावून, लवादाचाच निर्णय कायम ठेवला. एखादी वस्तू कशासाठी वापरता येईल याचा विचार करत बसलं, तर लाटण्यापासून सुरुवात करावी लागेल.

असो. रांग एव्हाना पाच माणसांवर आली होती आणि लेखकाच्या डोक्यात एक जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला होता. ही वस्तू नेमकी काउंटरलाच का? दुकानदाराचा हिशेब सोपा आहे. महिन्याच्या यादीत तूरडाळ दोन किलो, साबुदाणा अर्धा किलो असं लिहिलं जातं. ही वस्तू कोणी यादीत लिहीत नाही. जे यादीत नसतं ते काउंटरजवळ ठेवायचं, म्हणजे जाता जाता हात जातो. चॉकलेटचा हात जातोही. पण इथं हात घातला, की मागच्या आठ जणांच्या साक्षीनं, पट्ट्यावर कणीक आणि डिंकाच्या मध्ये ती डबी सरकत जाणार. मग काउंटरवरचा मुलगा बारकोड वाचणार, गिऱ्हाइकाकडे तोंड केलेल्या पडद्यावर नाव झळकणार आणि वर "पॉइंटसाठी मोबाईल नंबर सांगा सर." नंबर घरातल्या थोरल्यांचा. म्हणजे बिलाचा मेसेज आजोबांच्या फोनवर.

याच दुकानात दुसऱ्या टोकाला टूथपेस्ट, दाढीचं सामान आणि सॅनिटरी पॅड यांची शांत ओळ आहे. पॅड एकेकाळी वर्तमानपत्रात गुंडाळून आणि काळ्या पिशवीत घालून मिळायचे. २०१८ च्या प्लास्टिकबंदीनं महाराष्ट्रात ती काळी पिशवी गेली आणि पॅड उघड्यावर आले, तरी आभाळ कोसळलेलं नाही. बाया पॅड तिथून उचलतात, ट्रॉलीत टाकतात, पुढे जातात. डबी तिथेच असावी, डोळ्यांच्या उंचीला, कुलूप न लावता. आणि तिचं बिल करायला माणूस नसलेलं एखादं यंत्र मिळालं, तर लेखक त्या यंत्राला दसऱ्याला झेंडूचा हार घालेल.

नंबर आला. बिल झालं. "आजी, पिशवी हवी का?" मुलानं विचारलं. "नको, आणलीय," मावशी म्हणाली आणि तिनं हातातली डबी परत रॅकवर ठेवली, मात्र पुदिन्याच्या गोळ्यांपासून दूर, सेलच्या शेजारी. मग ग्राहकांच्या सूचनांची वही मागितली. ती मिळायला दहा मिनिटं लागली, कारण ती आजवर कोणी मागितली नव्हती. लेखकानं लिहिलं, "काउंटरजवळच्या डब्या आत टूथपेस्टच्या ओळीत हलवाव्यात. कपाटात बंद करू नयेत."

मावशीनं खाली आपली सही केली, कंसात 'निवृत्त नर्स' लिहिलं आणि त्याच्याही खाली एक ओळ वाढवली: "आणि सरकारी निरोधही ठेवावा. हे फार महाग आहेत."