आधी व्हिडिओ दाखवा

सोलापूर-धुळे महामार्गावर येरमाळा मागं पडलं की फटाक्यांच्या दुकानांच्या पाट्या सुरू होतात आणि तेरखेडा आल्याचं कळतं. मराठवाड्याची शिवकाशी म्हणतात आम्हाला. वात पेटल्यावर किती पावलं मागं सरायचं, हे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतं. तीच पोरं मोठी होऊन व्हॉट्सअ‍ॅपवर आली की मात्र प्रत्येक पेटत्या वातीला हात घालतात, नाहीतर न पेटवताच ‘फुसका बार हाय’ म्हणून मोकळी होतात.

गावात सध्या दोन पंथ आहेत. पहिला भाविकांचा. बुडालेलं गाव, उपाशी म्हातारी, आजारी लेकरू, व्हिडिओ कसलाही असो, भाविकाच्या डोळ्यांत पाणी येतं. त्याचा हात खिशात जातो आणि फोन घेऊन बाहेर येतो. हात जोडलेली चार चित्रं टाकून तो व्हिडिओ 11 ग्रुपांत पुढं पाठवतो आणि ‘माणुसकी जिवंत आहे’ असा निर्वाळा देतो. दुसरा पंथ शंकेखोरांचा. हे व्हिडिओ पूर्ण बघत नाहीत, कारण बघितला तर खरा वाटण्याचा धोका असतो. पूर्वी ते ‘फोटो बांगलादेशचा आहे’ म्हणायचे, मग ‘फोटोशॉप आहे’ म्हणू लागले, आता ‘एआय आहे’ म्हणतात. दोन्ही पंथांचं एकमेकांशी हाडवैर असलं तरी दोघांचा खर्च सारखाच येतो. शून्य रुपये.

2025 च्या सप्टेंबरात दोन्ही पंथांना सुगी आली. सीना नदी फुगली, आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा आणि भूम तालुक्यांत गावंच्या गावं पाण्यात गेली, दावणीला बांधलेली जनावरं दावणीलाच मेली, आणि सोयाबीन तर सोडाच, सोयाबीनखालची मातीसुद्धा खरडून गेली. ज्या जिल्ह्यात पावसाची वाट बघण्यात पिढ्या गेल्या, तिथं लष्कराची हेलिकॉप्टरं माणसं उचलायला आली. परंड्याच्या वडनेरला एक आजी, दोन वर्षांचं नातवंड आणि घरातली आणखी दोन माणसं मध्यरात्रीपासून छतावर अडकली होती. खासदार ओमराजे निंबाळकर एनडीआरएफच्या जवानांबरोबर पाण्यात उतरले आणि त्यांना बाहेर काढलं. तो व्हिडिओ देशभर फिरला.

आमच्या चहाच्या हॉटेलात त्यावर दिवसभर खल झाला. भाविक म्हणाले, “खासदार असावा तर असा!” शंकेखोर म्हणाले, “ते सगळं खरं, पर शूटिंग कुणी केलं?” प्रश्न बिनतोड होता. ते लेकरू खाली कसं आलं, हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही. आणि शूटिंग करणाराही त्याच पुरात उभा असणार, त्याच्या नावानं एक चहासुद्धा कुणी पाजला नाही.

मग दुसरा व्हिडिओ आला. कुणाचं तरी घर, उंबऱ्याच्या वर पाणी, ज्वारीची पोती भिजून फुगलेली, मालकीण काहीतरी सांगतेय. आमच्या शंकेखोरानं बोटांनी पडदा मोठा केला. बाईकडं त्याचं लक्ष नव्हतं. अंगणातल्या पाण्यातून मोटारसायकलचा आरसा वर आला होता, तो त्याला दिसला. “बघा! बुलेट हाय. ह्यांना कशाची मदत?” सगळे झुकून आरसा बघू लागले. बुलेट की स्प्लेंडर, यावर दुसरा चहा झाला. बाई काय सांगत होती ते कळलंच नाही, कारण आवाज बंद होता.

पूरग्रस्तानं कसं असावं, याची आपल्याकडं मोठी कडक आचारसंहिता आहे. त्यानं गरीब असावं, पण कालपासून गरीब झालेलं नसावं. रडावं, पण कॅमेऱ्याकडं बघून रडू नये. घरात फ्रीज असल्यास पाणी येण्याआधी तो शेजारी नेऊन ठेवावा. आणि मदतीसाठी फोन करायला फोन जरूर असावा, पण तो चांगला नसावा.

देणाऱ्याला असली कुठलीच आचारसंहिता नाही. त्याच आठवड्यात उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे आणि पालकमंत्री प्रताप सरनाईक जिल्ह्यात आले. मदतीच्या किटवर दोघांचे फोटो छापलेले होते. लोक चिडले, विरोधक तुटून पडले. फोटो काय बघता, आत काय आहे ते बघा, असं उत्तर आलं. मला विचाराल तर लोकांची जरा चूकच झाली. पुरात भिंतीवरचे देव गेले, लग्नातले फोटो गेले, वारलेल्या म्हाताऱ्याचा हार घातलेला एकुलता फोटो गेला. घरातले सगळे फोटो वाहून गेल्यावर सरकारनं तातडीनं दोन पाठवले, तर त्यात एवढं बिघडलं कुठं?

ही परंपराही काही धाराशिवची नाही. ऑगस्ट 2019 मध्ये सांगली-कोल्हापूर बुडालं, तेव्हा गहू-तांदळाच्या पिशव्यांवर मुख्यमंत्री आणि स्थानिक आमदारांची छबी होतीच. तेव्हाचे जलसंपदामंत्री गिरीश महाजन पुरातल्या बोटीत हसतमुख दिसले, तो व्हिडिओही मदतीच्या आधी घराघरांत पोहोचला. आणि त्याच वेळी शासनाचा एक निर्णय गाजला होता. गाव दोन दिवस पाण्यात असेल, तरच घराला 10 किलो गहू आणि 10 किलो तांदूळ! आमचा शंकेखोर उगाच बदनाम आहे. दीड दिवस बुडालेला माणूस खरा पूरग्रस्त की हौशी, अशी शंका त्याच्याही डोक्यात कधी आली नसती.

2025 ला सरकारनं 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्याआधी उसाच्या गाळपावर टनामागं 15 रुपये बाजूला काढायचं ठरलं होतं, 10 मुख्यमंत्री सहायता निधीला आणि 5 पूरग्रस्तांना. ओरड झाली, तेव्हा हे पैसे शेतकऱ्याच्या बिलातून नाही, कारखान्याच्या नफ्यातून जाणार असा खुलासा झाला. कारखान्याचा नफा आणि शेतकऱ्याचं बिल यांच्यामधला बांध नेमका कुठं आहे, ते मोजणीला आणून दाखवणारा माणूस मला अजून भेटायचाय. म्हणजे ऊस पाण्यात असलेल्या शेतकऱ्यालाही दानशूर होण्याची संधी होतीच. त्याला फोटो छापून घ्यायचं तेवढं सुचलं नाही.

आता भाविकांची बाजू. तीही सांगायला हवी, नाहीतर मला शंकेखोरांचा पगार आहे असं कुणीतरी ग्रुपवर टाकेल. जुलै 2025 मध्ये लातूर जिल्ह्यातल्या हाडोळतीचा एक व्हिडिओ आला. बैल परवडत नाहीत म्हणून म्हातारा शेतकरी स्वतः औताला जुंपलेला आणि मागं त्याची बायको. अभिनेता सोनू सूदनं बैल देऊ केले, संघटना धावल्या, सहकारमंत्री आणि अहमदपूरचे आमदार बाबासाहेब पाटील यांनी कर्ज फेडलं. त्या घराचं भलं झालं, याचा आनंदच आहे. फक्त एका गोष्टीनं मी चक्रावलो. सहकारमंत्र्यांना आपल्याच मतदारसंघातला शेतकरी इंटरनेटवरून सापडतो. मधे सोसायटी आहे, बँक आहे, तलाठी आहे, कृषी सहायक आहे. एवढ्या चाळण्यांतून जो खाली पडला नाही, तो एका मिनिटाच्या रीलमधून थेट मंत्र्याच्या हातात पडला. तेव्हापासून आमच्या शिवारातल्या बऱ्याच जणांचं मत झालंय की अर्ज लिहिण्यापेक्षा जू मानेवर घेऊन एखादा चांगला कॅमेरावाला गाठावा.

2021 ला पिंपरी-चिंचवडच्या एका तान्ह्या मुलीसाठी लोकांनी 16 कोटी रुपये उभे केले. स्नायू दुबळे करणारा दुर्मीळ आनुवंशिक आजार, आणि औषधाचं एक इंजेक्शन जगातल्या महागड्या इंजेक्शनांपैकी. कुणी 50 दिले, कुणी 100. इंजेक्शन दिलं गेलं, तरी 1 ऑगस्टला मूल गेलं. तिथं मात्र मला विनोद सुचत नाही. एक इंजेक्शन 16 कोटींना का, ही शंका घ्यायला तेव्हा भरपूर जागा होती. आमच्या हॉटेलातली शंका मात्र आईबापांच्या घराचं भाडं किती, यावरच घुटमळली.

जगातही फार वेगळं नाही. 2012 मध्ये अमेरिकेतल्या एका संस्थेनं युगांडाच्या जोसेफ कोनी या बंडखोराला पकडण्यासाठी अर्ध्या तासाचा व्हिडिओ काढला. आठवड्याभरात तो 10 कोटी वेळा बघितला गेला. कोनी काही सापडला नाही. 2014 ला लोक डोक्यावर बर्फाच्या पाण्याच्या बादल्या ओतून घेऊ लागले, तेव्हा आम्ही इथं टँकरच्या रांगेतून बघत होतो. एवढं पाणी आणि तेही थंड! हा तर निव्वळ चावटपणा, असं आमचं एकमत झालं होतं. पण त्या बादल्यांतून मज्जातंतूंच्या आजारासाठी एका संस्थेला 11 कोटी डॉलरच्या वर मिळाले, आणि त्या पैशाच्या मदतीनं झालेल्या संशोधनातून आजाराशी जोडलेलं एक जनुकही हाती लागलं. शंकेखोरांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “लेख कुणी लिहिलाय ते बघा आधी.”

खरी शंका घ्यायची तर तिला कष्ट पडतात. आवाहनातला क्यूआर कोड बदलून दुसऱ्याचा चिकटवणं मिनिटाचं काम आहे. तेव्हा पैसे टाकण्याआधी समोर नाव कुणाचं उमटतं ते बघावं, संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडं नोंदणी आहे का ते विचारावं, दिलेल्या नंबरावर फोन लावावा, आणि भूम-परंडा तर इथून गाडीच्या टप्प्यात आहे, तेव्हा जाऊन यावं. एवढं करणारा शंकेखोर मला भेटला, तर मी त्याच्या पाया पडेन. पण एवढी चौकशी केली की शंका फिटते, आणि शंका फिटली की पैसे द्यावे लागतात.

आमच्या गावाचंच बघा. इथल्या कारखान्यांत अधूनमधून स्फोट होतो. आवाज लांबवर जातो, पत्रे उडतात, मजूर भाजतात, काही परत येत नाहीत. त्यांचं औत ओढतानाचं रील नसतं. स्फोटाची बातमी आली की बाहेरचे विचारतात, “लायसन होतं का?” मजूर किती भाजला, हे त्यानंतर. लायसन मालकाचं असतं, कातडी मजुराची असते, पण चौकशी कातडीवाल्याचीच व्हायची पद्धत आहे.

मागं अशाच एका भाजलेल्या मजुरासाठी गावात वर्गणी निघाली. क्यूआर नाही, व्हिडिओ नाही, किराणा दुकानदाराची लाल वही. कुणी 50 लिहिले, कुणी 200, एका म्हातारीनं उधारीच्या खात्यावर 20 मांडायला लावले. पैसे दवाखान्यात पोचले. रक्कम बरोबर आहे का, हे कुणी विचारलं नाही. मग दुकानदाराला काय बुद्धी झाली कोण जाणे, त्यानं देणाऱ्यांची यादी छापून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही पंथांचे लोक एकत्र दुकानात हजर. एकाचं नाव सातव्या नंबरवर होतं, त्याला तिसरं पाहिजे होतं. एकाच्या नावापुढं ‘मा.’ राहिलं होतं. आणि ज्यानं काहीच दिलं नव्हतं, त्याची तक्रार अशी की त्याला कुणी विचारलंच नाही, नाहीतर त्यानं दिलेच असते, तेव्हा निदान ‘शुभेच्छुक’ म्हणून खाली नाव असावं.

यादी तिसऱ्यांदा छापायला गेली आहे. या खेपेला फोटो टाकायचा विचार चालू आहे.