आग्रहाची रेंज

नांदगावचा जिल्हा नाशिक, पण जीभ खानदेशी. चाळीसगावकडून येणाऱ्या वाऱ्याचा गुण म्हणा, पण आमच्या घरी अक्षय्य तृतीयेला आखाजीच म्हणतात. २६ एप्रिल २०२० ची आखाजी मात्र मुकी होती. टाळेबंदीत प्रवासी गाड्या थांबलेल्या. उष्टी काढून झालेल्या पंगतीसारखं स्टेशन ओस पडलं होतं. चुलतभाऊ पुण्यात अडकला होता. म्हणून काकूने पाटावर तांब्या ठेवला, त्याला फोन टेकवला आणि फोनपुढे रीतसर पान वाढलं: खापरावरची पुरणपोळी, आमरस, रशी, कुरडई.

तिकडे तो स्वतः शिजवलेली खिचडी खात होता आणि इकडे काकू पडद्यासमोर पोळी धरून म्हणत होती, "एकच घे रे, लहानच आहे." आग्रह मोठा चिवट, अंतर त्याला कळत नाही. भाऊही "बास, बास" म्हणत खरोखरच दोन्ही हात आपल्या खिचडीवर आडवे धरी. मग रेंज गेली. घास तोंडाशी नेलेला तो तसाच थिजला, लोणी हातात धरलेल्या देवघरातल्या बाळकृष्णासारखा, प्रसन्न आणि न जेवता तृप्त.

कलावंतांनी असले खेळ आधीच करून पाहिले आहेत. १९८० मध्ये किट गॅलोवे आणि शेरी राबिनोविट्झ यांनी माणसाएवढ्या पडद्यांवर, उपग्रहाच्या मदतीने, न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसची गर्दी समोरासमोर आणली. २००९ मध्ये पॉल सर्मन आणि शार्लट गूल्ड यांनी ग्लास्टनबरीच्या महोत्सवात वेगवेगळ्या सतरंज्यांवर बसलेल्यांना पडद्यावर एकाच सहलीत बसवलं. करामत खरीच, पण काकूला तिचं फार नवल वाटलं नसतं. त्याच सकाळी तिने घागर भरून तिच्यावर डांगर ठेवलं होतं आणि निखाऱ्यावर आगारीचा घास टाकून सासूसासऱ्यांना जेवू घातलं होतं. त्यांना जाऊन पंधरा वर्षं झाली. तिकडून रेंजची तक्रार कधी आली नाही.

फोन पुन्हा लागलाच नाही. काकू जरा वेळ पाटासमोर बसून राहिली, मग पान झाकून ठेवलं. रात्री तेच माझ्यापुढे सरकवत पुटपुटली, "काहीच खाल्लं नाही बघ त्याने." मी सगळं संपवलं. रस आंबला होता, तेवढं तिला सांगितलं नाही.