कोकणच्या दोन खाड्यांस अनावृत पत्र

सौभाग्यवती वाशिष्ठी, मुक्काम दाभोळ, आणि सौभाग्यवती शास्त्री, मुक्काम जयगड, यांस सादर प्रणाम.

पत्रास कारण की, आम्ही चार मित्र दापोलीहून मोटारीने किनाऱ्याकिनाऱ्याने रत्नागिरीस निघालो असता आपण उभयतांनी आमच्या मार्गात जो बेमुर्वत अडथळा आणला, त्याबद्दल रीतसर फिर्याद गुदरण्यावाचून आम्हांस गत्यंतर उरलेले नाही. आमच्यातील एका गृहस्थाने, जो कचेरीत नियोजनाचे काम पाहतो आणि सुटीच्या दिवशीही ते खाली ठेवीत नाही, प्रवासाचा एक तक्ता सिद्ध केला होता. त्यात गुहागरचा व्याडेश्वर, हेदवीचा दशभुज गणपती, मालगुंडचे केशवसुत स्मारक, गणपतीपुळे आणि आरे-वारेचा सूर्यास्त यांस मिनिटांच्या हिशेबाने वेळ नेमून दिलेली होती. आपणांस मात्र त्यात एक रकानाही नव्हता, आणि हा अनुल्लेख आपण मनावर घेतलात, असा आमचा वहीम आहे.

वाशिष्ठीबाई, आपला पूर्वेतिहास आम्ही तपासला आहे. 1508 च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदा आरमार घेऊन आपल्या मुखातून आत शिरला आणि आदिलशाहीचे दाभोळ हे भरभराटीचे बंदर त्याने लुटून जाळले, तेव्हा आपण त्याच्याकडे परवान्याची विचारणा केल्याचे कोठे नमूद नाही. आम्हांस मात्र, खिशात पैसे आणि मनात केवळ माशांच्या जेवणाचा हेतू असताना, फेरीबोट नुकतीच सुटून धोपाव्याकडे निघाल्याचे पाठमोरे दृश्य दाखवून धक्क्यावर तिष्ठत ठेवलेत. शिवाय, कोयनेचे जे पाणी कऱ्हाडास कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जावयाचे, ते सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेस वळवून, पोफळीस त्याची वीज काढून, अखेर आपल्या पदरात टाकले जाते. या अफरातफरीत आपण स्वतः हात घातला नसेलही, पण माल पचवलात, हे नाकबूल करता येणार नाही. वीज म्हटली म्हणजे आठवले: ज्या प्रकल्पाने दाभोळचे नाव जगभर गाजवले, तो उभा आहे आपल्या दक्षिण तीरावर, अंजनवेलीस. एका तीराचे नाव आणि दुसऱ्या तीराची धुराडी, असा हा व्यवहार आपल्या डोळ्यांदेखत झाला. असो, तो या फिर्यादीचा विषय नव्हे.

बोट आली, तिची लोखंडी फळी खणखणत धक्क्यावर आदळली, आणि आमच्या सारथ्याला गाडी उलटी आत घालण्याचा हुकूम झाला. घाटातील वळणांवर स्वतःची तारीफ करीत आलेला हा पुरुष, एका पोरसवद्या खलाशाच्या "येऊ दे, येऊ दे" या तालावर, दोन मोटारसायकली आणि आंब्याच्या पेट्यांनी भरलेला टेम्पो यांच्यामधल्या फटीत घामाघूम होऊन शिरत असता, खलाशाने बोनेटवर थाप मारून "बास!" म्हटले, तेव्हा त्याच्या मुद्रेवर उमटलेली कृतज्ञता आम्ही महाविद्यालयाच्या निकालाच्या दिवशीही पाहिली नव्हती. नियोजनकार घड्याळ पाहून उसासे टाकू लागला, तेव्हा रिकामी पाटी पालथी घालून तीवर बसलेल्या एका मावशींनी, त्याच्याकडे न पाहताच, निकाल दिला: "एवढी घाई व्हती तर चिपळुनावरनं जायाचं."

शास्त्रीबाई, आपला अपराध याहून गंभीर आहे. तवसाळच्या धक्क्यावर आपण आम्हांस इतका वेळ थोपवलेत, की आरे-वारेसाठी राखून ठेवलेला सूर्य, तक्ता न वाचल्यामुळे, जयगडाच्या पलीकडे तेथेच मावळून गेला. मालगुंडास स्मारकाचे बंद दार तेवढे अंधारात दिसले, आणि गणपतीस गाडीतूनच नमस्कार पोहोचवावा लागला. पण खरी हानी निराळीच. जे चार गृहस्थ कित्येक वर्षे एकमेकांस केवळ भ्रमणध्वनीवरील सुप्रभातांच्या चित्रांवरून ओळखीत आले, ते करण्यासारखे दुसरे काहीच नसल्यामुळे कठड्यावर बसून बोलू लागले. आणि त्या बोलण्यात आमच्या सारथ्याने, आपली नोकरी सुटली असून घरी अजून सांगितलेले नाही, ही गोष्ट बाहेर काढली, जी गाडी धावत असती तर गाण्यांच्या गोंगाटात रत्नागिरीपर्यंतही निघाली नसती. सहलीच्या दिवशी असला मजकूर ऐकावा लागणे ही गैरसोय कोणत्या कलमाखाली मांडावी, हे आम्हांस उमगत नाही.

रेवसपासून रेडीपर्यंतच्या सागरी महामार्गाचा संकल्प बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासून चालत आला असून आपणां दोघींवर आता पूल योजले आहेत. ते बांधताना खांबांस तळ लागू देऊ नये, अशी विनंती करण्याचा मोह होतो. पण रात्रीबेरात्री बाळंतीण पैलतीरी न्यावयाची असते, ती धक्क्यावर खोळंबावी, असे सुटीवर आलेल्या उपऱ्याने म्हणू नये. सबब मागणी एवढीच, की पूल झाल्यावरही एकेक बोट चालू ठेवावी, आणि ज्या मोटारीत मिनिटांचा तक्ता आढळेल, ती सक्तीने, उलटी, तीवर चढवावी.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक खोळंबलेला फिर्यादी

ता. क. पुढील सहलीचा तक्ता कालच हाती आला. त्यात आपणांस प्रत्येकी पंचवीस मिनिटे मंजूर झाली आहेत; वाढ हवी असल्यास अर्ज परस्पर नियोजनकाराकडे करावा.