पागा जुलैत बघावी

कोकणाने घोड्याचा प्रश्न फार पूर्वीच निकालात काढला होता. सावंतवाडीच्या चितारआळीत घोडा मिळतो तो लाकडाचा. रंग पक्का, आयाळ आखीव आणि वैरणीच्या बाबतीत अगदी समंजस. पलीकडे डिचोली-सत्तरीच्या शिगम्यात घोडेमोडणी होते, तिथलेही घोडे लाकडाचेच, नाचणाऱ्याच्या कमरेला बांधलेले. धावायचं माणसाने, घाम माणसाचा आणि कौतुक तेवढं घोड्याचं. खुद्द सिंधुदुर्ग किल्ल्यात, राजाराम महाराजांनी बांधवलेल्या मंदिरात, शिवाजी महाराज वीरासनात बसलेले आहेत. उरलेल्या महाराष्ट्राने त्यांना चौकाचौकांत घोड्यावर बसवलं ते पुन्हा उतरूच दिलं नाही. या देवळाने मात्र त्यांना तीनशेहून अधिक वर्षं स्वस्थ बसू दिलं. हा सगळा योगायोग आहे असं मला वाटत नाही. ज्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि आंबोलीत त्याच्या दुपटीहून जास्त, तिथे चारशे किलो वजनाचं आणि पोटाने अत्यंत नाजूक जनावर पाळण्यापेक्षा त्याची लाकडी प्रत बाळगणं हा पिढ्यांच्या अनुभवाचा निष्कर्ष असणार.

पण आता दिवस पालटले. चिपीला २०२१ मध्ये विमान उतरलं, मोप्याला २०२३ मध्ये, आणि काजूच्या बागांतून पुण्या-मुंबईकरांचे बंगले डोकावू लागले. त्याच २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या चौघांनी ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण जिंकलं, अश्वारोहणातलं एक्केचाळीस वर्षांनंतरचं पहिलं सुवर्ण, आणि आपल्याही मुलीच्या अंगात हे गुण असणार अशी शंका अनेक घरांना आली. त्या विजेत्यांचा सराव वर्षानुवर्षं युरोपात चालला होता, ही बाब तेवढ्या उत्साहाने कुणी वाचली नाही. त्यामुळे समुद्रकिनारी घोडा ठेवायचा कुठे आणि मुलांनी घोडेस्वारी शिकायची कुठे, हा प्रश्न आता गंभीर चेहऱ्याने विचारला जातो. उत्तर शोधायला मंडळी निघतात ती डिसेंबरात. तारकर्लीची वाळू, मावळतीचा सूर्य, न्हाऊन तुळतुळीत केलेला पांढरा घोडा, त्याच्या कपाळावर गोंडा. पाच मिनिटांत फोटो, दहाव्या मिनिटाला आगाऊ रक्कम. माझं म्हणणं एवढंच आहे की डिसेंबरात मालवणात नापास होणं कुणालाच शक्य नसतं. या किनाऱ्यावरची पागा जुलैत बघावी, आणि तिथे गेल्यावर आधी गवत बघावं, मग छप्पर, मग खूर. घोडा सगळ्यात शेवटी बघितला तरी चालतो.

या मताला मोठा आधार आहे. कोकणात पावसाळ्यात घोडे कसे ठेवावेत यावरचं मार्गदर्शन साक्षात शिवाजी महाराजांचं उपलब्ध आहे. १६७० च्या दशकात लष्कराची पावसाळी छावणी चिपळूण परिसरात पडली होती, तेव्हा तिथल्या जुमलेदारांना, हवालदारांना आणि कारकुनांना त्यांनी एक पत्र पाठवलं. रयतेला त्रास देऊ नका ही त्यातली शिकवण आपण सभांतून नेहमी ऐकतो, आणि ऐकावी अशीच ती आहे. पण त्या पत्राचा निम्मा जीव गवतात अडकलेला आहे. दाणा आणि वैरण मोठ्या कष्टाने जमवलीय. आज हात सैल सोडून खर्च केलीत तर ऐन पावसात काही उरणार नाही, घोडे उपाशी मरतील आणि ते तुम्हीच मारल्यासारखं होईल, असा त्याचा आशय. पुढे आगीची धास्ती आहे. गवताच्या गंज्यांजवळ चुली पेटवाल, तंबाखू ओढाल, आणि रात्री दिवा तसाच ठेवलात तर उंदीर पेटती वात ओढून नेईल. आरमार बांधणारा, किल्ले वसवणारा राजा पागेपाशी आला की उंदरांविषयी लिहितो. पाहणीला जाणाऱ्याने यातून धडा घ्यावा. घोड्याचं नाव, त्याचा बाप, त्याची चाल यांची चौकशी आपण अर्धा तास करतो. गवताच्या माळ्यावर उंदीर किती, हे कुणी विचारत नाही. सिंधुदुर्गातले उंदीर आता वाती ओढत नसतील, पण लेप्टोस्पायरोसिस पसरवतात. हा आजार माणसाइतकाच घोड्यालाही होतो आणि त्याचे डोळेही घालवू शकतो.

गवताचा हिशेब शाळकरी आहे. घोडा रोज आपल्या वजनाच्या साधारण दोन टक्के सुकं अन्न खातो. चारशे किलोचा असेल तर आठ किलो. जून ते सप्टेंबर चार महिने धरले तर जवळजवळ एक टन. हा एक टन कोरडा, बुरशी न धरलेला आणि उंदराने न कातरलेला हवा, तोही अशा ऋतूत जेव्हा कपाटातले चामडी पट्टेसुद्धा हिरवे होतात. कुणी सांगेल, आमच्याकडे भाताचा पेंढा रगड आहे. असेल, आणि तो गायीला लखलाभ असो. गाय चार कप्प्यांच्या पोटात रवंथ करून पेंढ्याचं सोनं करते. घोड्याला रवंथ नाही, आणि सिलिकाने भरलेल्या त्या काड्यांतून त्याच्या अंगी फारसं काही लागत नाही. सड्यावरचं कापलेलं गवतही जांभ्या मातीचं, धुवून निघालेलं. त्यावर हरभऱ्याची चंदी आणि क्षार द्यावेच लागतात. त्यात घोड्याला उलटी करता येत नाही. बुरसटलेला घास आत गेला की तो परत येत नाही, पोटशूळ मात्र येतो. मालवणचा माणूस १ जूनला यांत्रिक मासेमारी बंद झाली की होडी वर ओढतो, तिच्यावर झापं घालतो आणि दोन महिने तिच्याकडे बघत नाही. गल्लत करून घोड्याचाही हाच हिशेब मांडणारे पागामालक असतात, म्हणून गिऱ्हाइकाने माळ्यावर चढून मूठभर गवत नाकाशी धरावं. कुबट वास आला तर पुढचं काही बघू नये. ज्या मालकाला तुमचं माळ्यावर चढणं अपमानाचं वाटतं, त्याच्या माळ्यावर बहुधा काही नसतं.

छपराचं आणि खुरांचं प्रकरण एकच. खूर ओलाव्यात राहिला की तळाला कुजतो, काळा आणि दुर्गंधी. हे दिसायला पाय उचलून बघावा लागतो आणि डिसेंबरात पाय उचलायचं कुणाला सुचत नाही, सगळे मान आणि शेपूट बघतात. सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाने खूर तासायला हवेत. तेव्हा ‘तुमचा नालबंद कुठून येतो’ हा प्रश्न ‘तुमचा घोडा कुठून आला’ यापेक्षा कितीतरी महत्त्वाचा. घोडा सारंगखेड्याच्या यात्रेतून किंवा अकलूजच्या बाजारातून एकदाच येतो. नालबंदाला वर्षभर यावं लागतं, आणि पावसात घाट उतरून यायचा त्याला पाहुणचारापलीकडचा काही मोबदला द्यावा लागतो. त्याच पावसात गोमाश्या सर्रा नावाचा रोग घेऊन फिरतात. आणि पाऊस नसतो तेव्हा दमट उन्हाळा असतो, ज्यात काही घोड्यांचा घामच बंद होतो. विलायतेहून आणलेल्या घोड्यांचा हा विकार इंग्रजी अमदानीत भारतात चांगला ओळखीचा होता. एप्रिलच्या दुपारी सगळं मालवण निथळत असताना एकच प्राणी कोरडा ठणठणीत उभा दिसला तर त्याच्या तब्येतीचं कौतुक करू नये, डॉक्टरला बोलवावं.

यावर पहिला आक्षेप इतिहासाच्या नावाने येतो: मराठ्यांची घोडी सह्याद्रीत आणि कोकणात दौडली, मग आताच काय बिघडलं? दौडली, यात वाद नाही. पण मोहिमा दसऱ्याला निघत आणि पावसाआधी आटोपत. पावसाळा हा घोडा जगवायचा हंगाम होता. ज्या घोड्यांवर ही कीर्ती उभी राहिली ती भीमाकाठची भीमथडी जात, आणि भीमा घाटाच्या त्या बाजूला वाहते. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी विकायला एक घोडा घेऊन चौलच्या बंदरात उतरला. तो किनाऱ्यावर रेंगाळला नाही, घाट चढून जुन्नरला गेला. तिथेही चिखलपाण्याने बेजार झाला आणि तसं त्याने लिहून ठेवलं. जुन्नरच्या सुभेदाराने त्याचा घोडाच अडकवून ठेवला आणि धर्म बदललास तर देतो म्हणाला. मध्यस्थी झाली, घोडा सुटला आणि शेवटी बीदरला विकला गेला. घोडा दुसऱ्याच्या दारात बांधण्याआधी अटी वाचून घ्याव्यात, याचा एवढा जुना दाखला दुसरा मला ठाऊक नाही. आधुनिक पुरावा हवा असेल तर शर्यतींचं वेळापत्रक बघा. मुंबईच्या महालक्ष्मीला हंगाम हिवाळ्यात असतो आणि पावसाळ्यात शर्यती पुण्याला होतात. ज्यांच्या एकेका घोड्याची किंमत आपल्या बंगल्याहून जास्त, ते पावसात घोडी घाटावर धावडवतात. आपण मात्र आंबेरीतल्या पत्र्याच्या शेडवर विश्वास ठेवतो.

दुसरा आक्षेप पर्यटकांचा आणि जास्त गोड: अहो, समुद्रकिनाऱ्याची मऊ वाळू! ही मऊ वाळू मुळात माणसाच्या पाठीसाठी प्रसिद्ध आहे, घोड्याच्या पायासाठी नाही. कोरड्या भुसभुशीत वाळूत घोड्याचे स्नायुबंध ताणले जातात. चालवायचंच तर ओहोटीला, ओल्या घट्ट पट्ट्यावर, आणि वायंगणीसारख्या किनाऱ्यावर कासवांच्या घरट्यांपासून लांब. वाळूवर टाकलेलं गवत खाणारा घोडा गवताबरोबर वाळूही गिळतो आणि ती आतड्यात साठते. म्हणजे ज्या दृश्यासाठी आपण पैसे भरतो, गव्हाणीऐवजी वाळूत तोंड घालून चरणारा घोडा आणि मागे लाटा, ते दृश्य म्हणजेच नकाराचं कारण.

तिसरा आक्षेप जरा वजनदार आहे: शिकवणारा चांगला असला की बाकी सगळं निभतं. जुन्या भाषेत बोलायचं तर इथे दोन प्रकारचे लोक येतात. स्वतःचा घोडा आणून बांधणारे शिलेदार आणि पागेच्या घोड्यावर शिकणारे बारगीर. शिलेदाराला गवताचं महत्त्व पटवावं लागत नाही, बिल त्यालाच येतं. बारगीराला वाटतं आपला संबंध तासापुरता. पण खूर दुखणारा, पोट दुखणारा घोडा पाठीवरच्या दहा वर्षांच्या मुलाला काय शिकवेल? तो फार तर पडायचं कसं ते शिकवेल. उत्तम शिक्षक असा घोडा बाहेर काढतच नाही, आणि काढत असेल तर तो उत्तम शिक्षक नव्हे. म्हणजे फिरून आपण गवतापाशीच आलो. शिक्षकाची वेगळी परीक्षा घ्यायचीच असेल तर एक सोपी आहे. त्याच्याकडे वजनकाटा आहे का बघावं. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ चे केंद्रीय नियम आहेत, त्यांत तट्टूच्या पाठीवरचं कमाल ओझं ७० किलो सांगितलंय. अनुभवी लोकही घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त भार, खोगिरासकट, टाकू नये म्हणतात, म्हणजे साडेतीनशे किलोच्या घोड्याला तोच आकडा येतो. सुरमईचं ताट, सोलकढीच्या दोन वाट्या आणि वर मालवणी खाजं संपवून आलेल्या काकांना ‘तुम्ही बसू नका’ असं तोंडावर सांगणारा शिक्षक मिळाला तर त्याला सोडू नये. तो पहिले काही तास मुलाला लांब दोरीवर गोल गोल फिरवील, शिरस्त्राणाशिवाय रिकिबीत पाय ठेवू देणार नाही आणि व्हिडिओसाठी भरधाव सोडणार नाही. मुलं त्याला कंटाळतील. कंटाळू द्यावं.

शेवटी राहतो तो वैतागाचा आक्षेप: मग कोकणात घोडा ठेवूच नये की काय? ठेवावा, पण त्याने पाहुण्यासारखं यावं-जावं. माझ्या मते या किनाऱ्यावरची शहाणी पागा ती, जिचा एक पाय घाटावर आहे. जी घोडे दिवाळीनंतर खाली आणते आणि मेच्या अखेरीला, करूळ आणि आंबोलीच्या घाटात दरडी कोसळायच्या आत, कोल्हापूर किंवा बेळगावकडच्या कोरड्या जागेत परत नेते. पोटशूळ मध्यरात्री उठतो. गावचा पशुवैद्य हुशार असतो, पण त्याचे दिवस गायी-म्हशी-शेळ्यांत जातात, आणि घोड्यांत मुरलेला डॉक्टर घाटापलीकडे असेल तर घाट उघडा असायला हवा. वर न्यायची सोय नसलेल्याने निदान उंच जोतं, पागोळ्या लांब टाकणारं कौलारू छप्पर आणि चार महिन्यांची वैरण मेमध्येच भरलेली दाखवावी. यात खर्च आहे, तो शुल्कात दिसणार. स्वस्त पागा बहुधा घोड्याच्या पोटातून पैसे वाचवते.

तेव्हा जुलैच्या उत्तरार्धात, संततधार लागली असेल असा दिवस बघून, आधी फोन न करता जावं. मालक नसेल तर मोतद्दाराशी बोलावं. तो जास्त खरं सांगतो. पागा रिकामी असेल आणि घोडे वर गेले आहेत असं उत्तर मिळालं, तर वर जाऊनही बघावं. आणि ‘नोव्हेंबरात एकच जागा शिल्लक आहे, आज पैसे भरा’ असा निरोप कुणी पाठवला तर खुशाल जुलैपर्यंत थांबावं. नीट सांभाळलेला घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. एका हंगामाच्या उशिराने त्याचं किंवा तुमच्या मुलीच्या सुवर्णपदकाचं काही अडणार नाही.