सरांच्या पोट्ट्याची जिप्सी

“ऐकलं का भाऊ? कोपऱ्यावरच्या सरांच्या पोट्ट्यानं जिप्सी आणली. जुनी! पैसे किती मोजले ते इचारू नका, सरांचा बीपी वाढते.”

शेजारचे काकाजी संध्याकाळी कूलरमध्ये पाणी सोडायला मागच्या अंगणात येतात आणि टाकी भरेपर्यंत चंद्रपूरच्या तुकूममधल्या आमच्या गल्लीची दिवसभराची हजेरी घेतात. एका हातात पाइप, दुसऱ्या हातात खर्रा. टाकी केव्हाच भरून वाहायला लागते, पण हजेरी संपत नाही. सारा जन्म गॅरेजमध्ये गेलेला माणूस. घंटागाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच तिचं काय दुखतंय ते आवाजावरून सांगतो.

तर सरांच्या मुलाचं म्हणणं असं की गाडी चालवायची नाही, ठेवायची. पुढे ती क्लासिक होणार, दुर्मिळ होणार, भाव येणार. सरांचं म्हणणं काय, ते सगळ्या गल्लीने रविवारी खिडक्या उघड्या ठेवून ऐकलंच आहे.

“तुमाले काय वाटते?” मी विचारलं.

“पोट्टं येडं नाही,” काकाजी म्हणाले, “पण घाईत हाय.”

मग जिप्सीचं चरित्र सुरू झालं. 1985 च्या शेवटी ती आली तेव्हा 970 सीसीचं इंजिन. 1996 मध्ये जिप्सी किंग आली ती 1300 ची. पेट्रोलची गाडी, खाली पाटे, वर कापडी हूड, आणि फोर व्हीलचा दांडा. ना एसीचा लाड, ना काचा खाली करायची बटणं. फौजेने घेतली, पोलिसांनी घेतली, वनखात्याने घेतली. सामान्य गिऱ्हाइकासाठी ती 2019 मध्ये बंद झाली. पण आपल्याकडे जिप्सी म्हणजे ताडोबा. मोहर्लीच्या गेटवर पहाटे ओळीने उभ्या असतात त्या. हूड काढलेलं, मागे उंच बाकं वेल्ड केलेली, सहा पर्यटक, एक गाइड, एक ड्रायव्हर. वाघ रस्त्यावर आला की इंजिन बंद करायचं आणि तो गेला की एका चावीत सुरू व्हायला पाहिजे. न झाली तर पुढचं सांगायला नको.

“जंगलानंच तिले जगवलं,” काकाजी म्हणाले, “अन् जंगलानंच खाल्लं. पाटे बदल, क्लच प्लेट बदल, चेसिसले पट्टी मार. पावसाळ्यात ताडोबाचं कोअर बंद झालं, 1 जुलै ते 30 सप्टेंबर, की आमची दिवाळी. गाड्या साऱ्या गॅरेजात. अशी गाडी मरत नाही, पण ती मूळची बी राह्यत नाही न! बाडी दुसऱ्याची, इंजिन तिसऱ्याचं. आता सांगा, पोट्ट्यानं आणली ती कापलेली हाय की न कापलेली?”

तेच तर कोणाला माहीत नाही. गाडी आली ती ताडपत्रीखाली.

मी माझ्याकडचं थोडं ज्ञान दोन घरांमधल्या भिंतीवर ठेवलं. 2021 मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली गाडी व्हिंटेज. नव्या नोंदणीला वीस हजार, पुनर्नोंदणीला पाच हजार, आणि नंबर प्लेटवर राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’. रोजच्या वापराला मनाई. प्रदर्शनाला, रॅलीला न्यायची. मुख्य अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी. चेसिस, बाडी, इंजिन यांत मोठा फेरफार केलेला चालत नाही.

काकाजींनी खर्रा गालात सरकवला आणि बोटं मोजली. “म्हणजे पहिल्यावाल्या जिप्सीचे पन्नास भरतीन 2035 ले. पोट्ट्याची हाय 2016 ची. म्हणजे 2066! पोट्टं सत्तरीले टेकीन तवा. सर तर…” इथे त्यांनी आवाज खाली आणला, कारण सर फिरायला निघाले होते.

सर वळणावरून गेले आणि काकाजी पुन्हा मूळ स्वरात आले. त्यांचा मुद्दा मला पटला, म्हणून नीट सांगतो. लोक ज्या गाड्या पहिल्या दिवसापासून कव्हर घालून ठेवतात, त्या दुर्मिळ होत नाहीत. नव्या थारची पहिली गाडी 2020 मध्ये लिलावात 1 कोटी 11 लाखांना गेली. पैसा चांगल्या कामाला गेला, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण आजच प्रत्येक थारवाला स्वतःला संग्राहक समजतो. चाळीस वर्षांनी घरोघरी जपलेल्या थार निघतील आणि घेणारा कोणी नसेल. दुर्मिळ होतं ते वापरून संपवलेलं. सरकारी गाड्यांचंच बघा. पंधरा वर्षं झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी 1 एप्रिल 2023 पासून पुढे वाढत नाही, त्या थेट भंगारात. दिव्याची, बोनेटवर झेंड्याची दांडी असलेली, डाकबंगल्याच्या पोर्चमध्ये उभी राहिलेली जिप्सी आता कुठून आणणार?

“अन् काळीपिवळी?” आतून काकूंचा आवाज आला. त्या तांदूळ निवडत असतात असा त्यांचा दावा आहे, पण भिंतीवरचा एकही शब्द त्यांच्या सुपातून निसटत नाही. “शिवरात्रीले मार्कंड्याले आपण काळीपिवळीतच जात होतो न? पोरं वर टपावर, तुमी मागं लटकून.”

काळीपिवळी! कमांडर आणि ट्रॅक्स. चामोर्शी, आलापल्ली, एटापल्ली, भामरागड. एसटी चुकली की हीच. आत माणसं मोजायची पद्धत नव्हती. टपावर सायकली, मोहाची पोती, कधी बोकड. दार बंद होत नसे म्हणून क्लीनर ते बाहेरून धरून उभा. गडचिरोली जिल्हा 1982 मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झाला, पण पुढे कितीतरी वर्षं दोन्ही जिल्ह्यांना बांधून ठेवलं ते या जिपांनी. पूर आला की नदीच्या अलीकडे थांबायच्या, पाणी उतरलं की पहिल्या निघायच्या. त्यातली एकही कोणी जपून ठेवल्याचं मला दिसलेलं नाही. मला विचाराल तर जिप्सीपेक्षा ही मोठी चूक आहे. पण काळीपिवळीचं पोस्टर कोण लावणार?

“मी तर म्हणते सुमो,” काकू म्हणाल्या. आता त्या दारात आल्या होत्या. सुमो आली 1994 मध्ये, टाटांच्या सुमंत मुळगावकरांच्या नावातली अक्षरं घेऊन, आणि 2019 मध्ये गेली. काकूंच्या थोरलीची पाठवणी सुमोतून झाली, त्यामुळे इथे वाद घालायला वाव नव्हता. काकाजींनी फक्त सिएराची बाजू मांडून पाहिली. 1991 ची, दोन दारांची, मागे छतापर्यंत वळलेल्या मोठ्या काचा. “ती काच फुटली का झालं. काच सापडत नाही म्हणून गाडी उभी, अन् गाडी उभी म्हणून तिची किंमत.”

“आणि आजकालच्या?” मी विचारलं. “पडद्यावाल्या, बोलणाऱ्या?”

“ते मोबाईल हाय. जुना मोबाईल कोणी जपते का? उंदरानं एक वायर खाल्ली की लॅपटॉपवाला बोलवा. कंपनीनं कार्ड बनवणं बंद केलं का पान्यानं काय करसान?”

मी म्हटलं, काकाजी, असं प्रत्येक पिढीचा मेकॅनिक म्हणतो. कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं तेव्हा तुम्हीही हेच म्हणाला असाल. अमेरिकेत पंचवीस वर्षं झालेली परदेशी गाडी आणायला बरेचसे नियम सैल होतात, म्हणून तिथले हौशी लोक नव्वदीतल्या जपानी गाड्या, अगदी भाजीपाला वाहणारे बारके ट्रकसुद्धा बोटीने मागवतात. जपानमध्ये तेव्हा त्यांना कोणी हुंगत नव्हतं. पडद्याची कार्डं दुरुस्त करणारी पोरंही तयार होतीलच.

काकाजींना हे आवडलं नाही. त्यांनी पाइप दुसऱ्या हातात घेतला आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे, कडुलिंबाखाली उभ्या असलेल्या आमच्या पिवळ्या नॅनोकडे पाहिलं.

“ही पहिल्या लॉटची न?”

“हो, 2009 ची.”

“म्हणजे मागचं झाकण उघडत नाही.”

“नाही. सामान मागची सीट पाडूनच ठेवावं लागतं.”

“बरं हाय. ते नंतरच्यात उघडाले लागलं. चाकाले तीन नट, एकच वायपर, इंजिन मागं, दोन सिलिंडर. 2018 च्या जूनमध्ये साऱ्या महिन्यात एकच नॅनो बनली होती, पेपरात वाचलं होतं मी. लाखाची गाडी म्हणून हसले लोक. घेतली, वापरली, भंगारात देल्ली. आता दिसते का कुठं?” काकाजी क्षणभर थांबले. “चालू हाय?”

“बॅटरी उतरली आहे.”

“रंग ओरिजिनल?”

“ओरिजिनल.”

“काही वेल्डिंग?”

“नाही हो.”

“मंग इकाची हाय का?”

मी उत्तर देण्याआधी आमच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि बायको म्हणाली, “काकाजी, तुमची टाकी वाहतेय. आणि नॅनो माझ्या नावावर आहे.”