अंधाराच्या मापाचा कॅमेरा

कॅमेरा घ्यायचा म्हटलं की सल्ला फुकट मिळतो आणि तो कायम एकाच साच्यातला असतो. पुण्यातल्या आयटीवाल्याला सांगतात, डीएसएलआर घ्या, तुम्हाला शोभेल. हरसूलच्या शाळेवर नेमणूक झालेल्या गुरुजींना सांगतात, तुम्हाला तिकडे रानात कशाला तेवढं अवजड धूड? खिशात मावेल असा छोटा घ्या, बटण दाबलं की फोटो, डोक्याला ताप नाही. म्हणजे कॅमेरा हा माणसाचा पगार, हुद्दा आणि पत्ता बघून निवडायचा असतो, असं या मंडळींनी परस्पर ठरवून टाकलेलं असतं. माझं म्हणणं एवढंच की कॅमेरा उजेड बघून निवडावा. आणि उजेडाच्या बाबतीत पुणेकर हा खाऊन-पिऊन सुखी, तर हरसूलकर दारिद्र्यरेषेखालचा. पुणेकर फोटो काढतो ते मॉलमधले, हॉटेलातल्या झगमगाटातले, आणि गोव्याला गेलाच तर भर दुपारच्या समुद्राचे. तिथे इतका उजेड सांडलेला असतो की पावाच्या डब्याला भोक पाडलं तरी काहीतरी बरं उमटेल. म्हणून छोटा कॅमेरा पुणेकराला पुरतो आणि मोठ्याची गरज हरसूलला आहे. दुकानदार नेमका उलटा माल विकत बसलाय.

हरसूलचा उजेड कसा असतो, ते आधी नीट बघू. त्र्यंबकेश्वर तालुक्यातलं, गुजरातच्या सीमेला टेकलेलं हे बाजाराचं गाव. आजूबाजूच्या पाड्यांवर कोकणा, वारली, महादेव कोळी वस्ती. जूनपासून चार महिने सह्याद्रीचा पाऊस असा उतरतो की दुपारी बारा आणि संध्याकाळी सहा यांतला फरक घड्याळ सांगेल तेवढाच. भाताची आवणी चालते ती याच करड्या उजेडात. घरात जावं तर कारवीच्या कुडाच्या भिंती, खिडकी असलीच तर मांजराच्या सोयीची, आणि चुलीचा धूर. भाकरी थापणाऱ्या बाईच्या चेहऱ्याच्या एका बाजूला जाळाचा तांबूस उजेड आणि दुसऱ्या बाजूला निखळ काळोख. फोटो म्हणून याहून सुंदर काही मागू नये, आणि कॅमेऱ्यासाठी याहून कठीण काही शोधू नये. त्यावर कळस म्हणजे बोहडा. होळीनंतरच्या उन्हाळ्यात या टापूत, हरसूलपासून जव्हार-मोखाड्यापर्यंत, गावोगाव हा सोंगांचा उत्सव होतो. संबळ आणि पिपाणीच्या तालावर गणपती येतो, सरस्वती येते, रावण येतो, नरसिंह येतो; प्रत्येकाच्या तोंडावर रंगवलेला मुखवटा, आणि पुढे टेंभे. हे सगळं चालतं रात्री. एकही सोंग आपल्या सोयीसाठी दुपारी दोन वाजता उन्हात येऊन उभं राहत नाही.

आता कॅमेऱ्याच्या पोटात शिरू. खिशातल्या कॅमेऱ्यातल्या सेन्सरला १/२.३ इंची म्हणतात. हा इंच कुठल्याच फूटपट्टीवरचा नाही. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून मापं पडली, नळ्या इतिहासजमा झाल्या आणि माप तेवढं मागे उरलं. सरकारी कचेरीत साहेब निवृत्त झाला तरी त्याची खुर्ची जागा अडवून बसते, हे त्यातलंच. प्रत्यक्षात हा सेन्सर सुमारे ६.१७ गुणिले ४.५५ मिलिमीटर, म्हणजे २८ चौरस मिलिमीटर. करंगळीच्या नखाला त्याच्यापेक्षा जास्त जागा मिळालेली असते. निकॉनच्या डी ३५०० सारख्या पहिल्या पायरीवरच्या डीएसएलआरचा सेन्सर २३.५ गुणिले १५.६, म्हणजे ३६६ चौरस मिलिमीटर. तेरा पट. मेगापिक्सेल मात्र दोघांचे जवळपास सारखे: कॅननच्या इक्सस १८५ मध्ये २०, डी ३५०० मध्ये २४. दुकानदार मेगापिक्सेल सांगतो आणि क्षेत्रफळ गिळतो. एका गुंठ्यावर दोन कोटी माणसं वसवली आणि तेरा गुंठ्यांवर जवळपास तेवढीच वसवली, तर पाऊस पडल्यावर कोणाच्या हंड्यात किती पाणी येईल, याला गणिताचा मास्तर लागत नाही. पावसाच्या जागी उजेड धरायचा, एवढंच.

आता टेंभ्याचा हिशेब. तो ढोबळ आहे. टेंभा वाऱ्याने हलतो, तसा आकडाही हलेल. टेंभ्यापासून चार पावलांवरचं सोंग टिपायचं, लेन्स एफ/३.५ ला उघडलेली, आणि छोट्या कॅमेऱ्याचा आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, ८०० वर. याच्या वर नेला तर चित्रात वाळू पेरल्यासारखे दाणे दिसू लागतात, आणि या इक्ससची धाव १६०० लाच संपते. अशा वेळी शटर साधारण सेकंदाच्या दहाव्या भागाइतकं उघडं ठेवावं लागतं. नरसिंह काही सेकंदाचा दहावा भाग एका जागी ठरत नाही. ठरला असता तर हिरण्यकशिपू पळून गेला असता. फोटोत येतो तो एक पिवळा-तांबडा फराटा, आणि घरी आल्यावर फोटो दाखवताना सांगावं लागतं की हा नरसिंह आहे. डीएसएलआर ६४०० वर नेला तरी चित्र तग धरतं. शटर ऐंशीव्या भागाच्या आसपास येतं आणि नरसिंह नरसिंहासारखा दिसतो.

यावर छोट्याचे वकील उठून म्हणतात, फ्लॅश आहे ना! आहे. त्याची पोच तीनेक मीटर. बोहड्याच्या गर्दीत तीन मीटरवर सोंग नसतं, पुढच्या रांगेतल्या माणसाची पाठ असते. ती अप्रतिम येते, सदऱ्याची शिवणसुद्धा मोजता येते. दुसरं असं की खिशातल्या कॅमेऱ्यात फ्लॅश लेन्सला खेटून बसवलेला. त्यामुळे त्याचा उजेड समोरच्यांच्या डोळ्यांच्या आतल्या पडद्यावर आपटून सरळ लेन्समध्ये परततो आणि डोळे लालभडक येतात. गंमत अशी की मुखवट्याच्या रंगवलेल्या डोळ्यांना आतला पडदा नसतो. तेव्हा रावण फोटोत सोज्ज्वळ दिसतो, आणि त्याच्या मागे मांडी घालून बसलेली शाळकरी पोरं लंकेहून थेट आल्यासारखी. पावसात किंवा चुलीच्या धुरात फ्लॅश मारला तर लेन्सपुढचे थेंब आणि धुळीचे कण पांढऱ्या चकत्या होऊन तरंगतात, आणि मग घरातली म्हातारी माणसं फोटो बघून हे कोणाचे आत्मे आहेत यावर गंभीर चर्चा करतात. टेंभ्याच्या उजेडाला जो रंग असतो, मुखवट्याच्या नाकाची जी सावली गालावर पडते, ती फ्लॅशने पुसली जाते आणि सोंग दिसतं पासपोर्ट काढायला आल्यासारखं.

दुसरी हरकत, आता बोहड्यात विजेचे दिवे असतात. असतात, कबूल. पण हॅलोजन लावणारा माणूस तो प्रेक्षकांच्या डोळ्यांत जाईल याची पुरेपूर काळजी घेऊनच लावतो, आणि सोंग नाचत त्याच्या पाठीमागे गेलं की पुन्हा काळोख. शिवाय लाइट जाते. लाइटीचा विषय निघालाच आहे तर बॅटरीचं बोलू. उत्पादकांच्या ठरलेल्या चाचणीनुसार डी ३५०० एका चार्जिंगमध्ये सुमारे १५५० फोटो काढतो, इक्सस १८५ सुमारे २१०. याचं कारण साधं: डीएसएलआरमध्ये आरशातून, स्वतःच्या डोळ्याने बघता येतं, त्याला वीज लागत नाही, छोट्याचा पडदा मात्र सतत पेटता ठेवावा लागतो. सोंगं रात्रभर चालतात. छोट्याची बॅटरी गणपती-सरस्वतीच्या स्वागतातच निम्मी संपते आणि रावण यायच्या आत कॅमेरा देवाघरी.

मोबाइलचं काय, हा प्रश्न कोपऱ्यात कधीचा हात वर करून उभा आहे. खरं तर छोट्या कॅमेऱ्याचा बळी मोबाइलनेच घेतला. २०१० साली जगभरात बारा कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे बाजारात गेले. २०२३ मध्ये एक कोटीसुद्धा नाहीत. जे मेले त्यांत बहुसंख्य हे खिशातलेच, कारण खिसा एकच आणि त्यात मोबाइल आधीच बसलेला. रात्रीच्या फोटोत मोबाइल हुशारी करतो: एकामागून एक बऱ्याच चौकटी टिपून त्या एकमेकांवर रचतो. स्थिर देवळाचा फोटो त्यामुळे झकास येतो. नाचणाऱ्या माणसाला मात्र कधी दोन कोपरं फुटतात, कधी एक हात गायब होतो. दशाननाला ते चालून जाईल, बाकीच्यांना नाही. आता शहरातल्या तरुणाईला जुन्या डिजिकॅमचं खूळ लागलंय. २०१६ चं एक इवलंसं मॉडेल कॅननने २०२५ मध्ये किरकोळ बदल करून आणि चढी किंमत लावून पुन्हा बाजारात आणलं. फ्लॅशने चेहरे पांढरेफटक येतात, हाच त्यातला आनंद म्हणे. ज्याच्या दारात उजेड लोळण घेतो त्याने अशी मजा जरूर करावी.

वजनाची हरकत खरी आहे आणि ती मी टाळत नाही. इक्सस बॅटरी-कार्डासकट १२६ ग्रॅम. डी ३५०० त्याच हिशेबाने ४१५, वर किट लेन्सचे दोनशेच्या आसपास. म्हणजे पाच पट. गळ्यात अडकवून वाघेऱ्याचा किल्ला चढलात तर मान सांगेल. पण आपल्याच तालुक्यातल्या धुंडिराज गोविंद फाळक्यांकडे बघावं. १८७० साली त्र्यंबकला जन्मलेल्या या गृहस्थांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला; लाकडी पेटी, हाताने फिरवायचा दांडा, खाली तिकाटणं. त्यावर पुढच्या वर्षी 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. दादासाहेबांनी वजनाची तक्रार केली असती तर हिंदुस्थानातला चित्रपट आणखी थोडी वर्षं गर्भातच राहिला असता. मात्र एक आहे: त्यांनाही दादरला चित्रण करायचं ते सूर्याच्या भरवशावर. रात्रीचा बोहडा टिपणं त्या पेटीच्या आवाक्यात नव्हतं. त्र्यंबकच्या माणसाला जे जमण्यासारखं नव्हतं, ते आज हरसूलच्या माणसाला सहाशे ग्रॅमच्या आसपास वजनात जमतं. एवढं ओझं मानेने सोसावं.

सगळ्यात वजनदार हरकत मात्र ग्रॅमातली नाही. मोठा कॅमेरा बघून माणसं ताठरतात, छोट्याकडे लक्ष जात नाही, म्हणून छोट्याने जिवंत फोटो येतात, असं जाणकार सांगतात. शहरात हे चालत असेल. इथे गाडीची काच खाली करून, इरलं घेऊन वाकलेल्या आवणीकरणींचे चोरून फोटो काढून पुढे पसार होणारे पर्यटक पावसाळ्यात काही थोडे नसतात. त्यांच्या हातात लपण्याजोगी वस्तूच असते. मोठा कॅमेरा लपत नाही, हा मी त्याचा गुण धरतो. तो डोळ्याला लावला की समोरच्या बाईला कळतं, ती पदर सारखा करते, नको असेल तर तोंड फिरवते, हवा असेल तर घरातल्या पोरांनाही हाक मारते, आणि शेवटी विचारते, फोटू कधी देणार? हा व्यवहार रोखठोक आहे. ताठरपणाही पाच मिनिटांत उतरतो. माणसाला भाकरी थापायची असते, कॅमेऱ्यासाठी तवा थांबत नाही. याची किंमत म्हणजे फोटो छापून आणून देणं, आणि गावातल्या प्रत्येक लग्नाचा, साखरपुड्याचा, निवृत्तीच्या समारंभाचा बिनपगारी छायाचित्रकार होणं. डीएसएलआरच्या खोक्यात वॉरंटी कार्डासोबत हे पद येतं. पावतीवर ते छापलेलं नसतं.

पावसापुढे मात्र दोघेही सारखेच घाबरट. दोघांनाही जाड प्लास्टिकची पिशवी आणि रबरबँड लागतो. फरक इतकाच की छोट्याची लेन्स दुर्बिणीसारखी आतबाहेर करते, झोडणीच्या दिवसात खळ्यावरची धूळ त्या नळीत गेली की करकर आवाज करून ती मध्येच अडकते, आणि मग दुरुस्तीच्या खर्चात दुसरा कॅमेरा येतो. मोठ्याची लेन्स बिघडली तर काढून ठेवावी, दुसरी लावावी.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि तो काळाने सोपा केलाय. कंपन्या मिररलेस, म्हणजे बिनआरशाच्या कॅमेऱ्यांच्या मागे लागल्या, २०१८ साली आलेला डी ३५०० काही वर्षांतच बंद झाला, आणि लग्नवाल्यांनी आपले डीएसएलआर विकायला काढले. तेव्हा नाशकात बॉडी जुनी घ्यावी, शटर किती वेळा उडालंय ते विचारावं, आणि किट लेन्सच्या मोहात पडू नये. ती १८-५५ ची लेन्स झूम केली की एफ/५.६ वर येते. तोंडाशी दार अरुंद केलं तर आतल्या तेरा गुंठ्यांचा उपयोग काय? त्यापेक्षा एफ/१.८ ची साधी, झूम नसलेली लेन्स घ्यावी. ती ५.६ च्या साडेनऊ पट उजेड आत घेते. जवळ यायचं तर झूम नाही, स्वतः चार पावलं पुढे चालावं लागतं. बोहड्यात त्यामुळे टेंभ्याचं तेल सदऱ्यावर उडतं आणि केसांना जळका वास येतो, त्याला इलाज नाही. आणि एक लक्षात ठेवावं: या लेन्सची टोपी हाताने काढावी लागते. छोट्या कॅमेऱ्यात ती आपोआप उघडते, हा त्याचा एक गुण मी बिनशर्त मान्य करतो.